फळीचे चार स्क्रू

१२ जानेवारी
दुकान, दुपारचे तीन

चि. ठकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. आईची तब्येत बरी, जीभ त्याहून बरी.

आधी माझ्यावर चाललेला घोर अन्याय ऐक. आपल्या स्टुडिओत इंटरनेट एकाच जागी पोचतं: गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. टेबलाशी नाही, संगणकाशी नाही. वीस वर्षं पासपोर्ट फोटो काढलेली बाई महिनाभर त्या बिनपाठीच्या स्टुलावर ताठ बसून फोटोग्राफी शिकते आहे. एवढा छळ कुणाचा झाला नसेल.

हो, शिकते आहे. हसून घे.

शोधत होते टेबलावरचा दिवा दुरुस्त करायचा व्हिडिओ. दिवा राहिला बाजूला, सापडले एक आजोबा! स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून फुकट शिकवतात. सामग्री काय, तर एक अंडं आणि एक खिडकी. सावली कुठे पडते ते अर्धा तास नुसतं बघायचं. त्यांच्यामुळे एका संग्रहालयाची साइट कळली, तिथे हजारो जुने फोटो अगदी पापणी दिसेपर्यंत मोठे करता येतात. जेवायचं भान राहत नाही गं! मग एका गटात शिरले. तिथे अनोळखी माणसं एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करतात. घरी काढलेलं माझं अंडं टाकलं. एकाने लिहिलं, "अंड्याला मान नसते, तरी हे अवघडून बसलेलं दिसतंय." माझ्या कामाबद्दल इतकं खरं कुणी बोललंच नव्हतं. दिवसभर हसत होते. अंडं आईने खाल्लं.

स्टुलावर बसून आणखी एक कळलं. आपले दोन्ही दिवे थेट डोळ्यांत घुसतात. गिऱ्हाइकं चोरी पकडल्यासारखी का दिसतात, ते आत्ता समजलं. आणि डावीकडे ती फळी दिसते, खिडकीवरची. ती कुणी लावली ते दोघींना ठाऊक आहे, तेव्हा पुढे जाऊ.

पुढे जाता येत नाहीये.

नवव्या धड्यात आजोबांनी एका म्हातारीचा फोटो दाखवला. एका बाजूने खिडकीचा उजेड, दुसरी बाजू अंधारात. मी स्टुलावरून उठलेच. असा फोटो आपल्याच कपाटामागे पडला होता, तू या खिडकीपाशी काढलेला आईचा. गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले होते, "उरलेली अर्धी आई कुठे सांडलीस?" सगळे हसले. तू नाही. त्याच संध्याकाळी मी फळी लावून खिडकी बंद केली आणि आठवड्याने तू गेलीस. तुला बाहेर चांगलं काम मिळालं, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगते. मिळालंही असेल. पण गेलीस ती माझ्यामुळे.

काल फोटो पुसून आईला दाखवला. म्हणाली, "बघ, पोरीने सुरकुत्याही अर्ध्याच ठेवल्या. तू काढतेस तो फोटो की पंचनामा?"

तो आता दर्शनी काचेत आहे, मधोमध. खाली तुझं नाव, पूर्ण. आज सकाळी एक बाई विचारत होत्या, "यांच्याकडून काढून मिळेल का?" म्हटलं, "विचारून सांगते."

तेव्हा विचारते आहे.

फळी लावायला दहा मिनिटं लागली होती, काढायला पाऊण तास लागला. तिचे चारही स्क्रू सोबत पाठवते आहे. तुझ्याकडेच ठेव. माझा भरवसा नाही.

डावीकडून उजेड येत असलेली,
तुझी ताई