अठ्ठावीसचा नाताळ

१८ कियाक

सण अठ्ठावीसला! आम्हा इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्त्यांचा नाताळ कियाक महिन्याच्या एकोणतीसला, जन्मापासून तेच बघतेय. चर्चच्या दारावर कागद लावलाय. अबूनांना, म्हणजे आमच्या पाद्र्यांना, विचारलं, छापताना चुकलं का? म्हणाले, नाही, या वर्षी असंच. सरकारी सात जानेवारी तीच, आपली तारीख एक घर मागे. पुढचं ऐकायला थांबले नाही — डाळ शेगडीवर होती.

माझ्या लुत्फीचा, पोराचा, फोन आला. रजा मिळाली! सणाच्या तीन दिवस आधी येणार आणि सणाच्या संध्याकाळीच परत. कुवेतचा मुकादम एवढंच देतो. ईस्टरला आला होता, त्यानंतर आताच. सूनबाई फेब्रोनियाचे दिवस तेव्हाचेच. लग्नाला अकरा वर्षं झाली, आता कुठे! डॉक्टर म्हणतो, सणाच्या आगंमागं होईल.

२१ कियाक

उपासाची डाळ, सणापर्यंत मांस-दूध बंद. परत डाळ.

२५ कियाक

लुत्फी आला. वाळलाय. बायकोच्या पोटावर हात ठेवला आणि हसत बसला येड्यासारखा.

जेवताना म्हणाला, मल्लवी शहरातल्या डॉक्टरशी बोललोय, सत्तावीसला ऑपरेशन करून बाळ काढतो म्हणतो. आजकाल सगळ्यांचं तसंच करतात. म्हणजे जाताना बघून तरी जाईन. "मला फोटोतला बाप नाही व्हायचं, आई."

मी लगेच हो म्हटलं. का नाही म्हणू? लुत्फीच्या हातात त्याचं मूल — अकरा वर्षं तेवढंच मागतेय मी. परत कधी येईल कोण जाणे.

फेब्रोनिया भाकरी मोडत राहिली. खाल्ली नाही.

२६ कियाक

अबूना घराला आशीर्वाद द्यायला आले. म्हटलं आता बसा आणि नीट सांगा ते तारखेचं.

तर जन्माची तारीख कुठं लिहिलेलीच नाही म्हणे! शुभवर्तमानातही नाही. मी आपली समजत होते, कोणीतरी टिपून ठेवली असेल. देवदूत मरियमकडे आला तो दिवस जुन्या लोकांनी धरला, त्यावर नऊ महिने मोजले, तो नाताळ. आता गेलं वर्ष एक दिवसानं लांबलं, दर चार वर्षांनी लांबतं तसं. म्हणून एकोणतीस धरली तर मरियमला एक दिवस जास्त भरतो. तो भरू नये म्हणून अठ्ठावीस.

मी म्हटलं, एका दिवसासाठी एवढा खटाटोप?

अबूना म्हणाले, "लुत्फीच्या आई, पोटुशी बाईचा शेवटचा दिवस आहे तो. तुम्हीच सांगा, लहान असतो का?"

लुत्फीनं तेवढंच धरलं. "बघ! देवमातेसाठी दिवस मागे घेतला. मग आपण घेतला तर काय बिघडलं?"

तेव्हा फेब्रोनिया बोलली. कालच्या जेवणापासून पहिल्यांदा. "त्यांनी तारीख सरकवली. बाळाला नाही ओढून काढलं."

अबूना चहा प्यायला लागले. लुत्फी गच्चीवर, कबुतरांपाशी.

मीही चढले मागून. गुडघे बोंबलत होते. म्हटलं, राहू दे ते ऑपरेशन. तिचं तिला होऊ दे.

"तूही, आई?"

मीही. जिन्यात बसले जरा. डोळे पुसायला हाताशी काही नव्हतं, बाहीच.

२८ कियाक

सण. रात्रभर प्रार्थना, पहाटे उपास सुटला. लुत्फीनं आपल्या ताटातलं मांस माझ्या ताटात टाकलं. मी परत टाकलं. तसंच चालू.

दिवसभर सगळे फेब्रोनियाकडे बघतायत. शेजारची हिलाना सारखी डोकावते — काही? म्हटलं, काही नाही, घरी जा. दुपारी कळ आली वाटलं. बीन्सचा गॅस निघाला!

संध्याकाळी गाडी आली. लुत्फी पोटाशी वाकून काहीतरी बोलत बसला. ऐकू येऊ नये म्हणून मी भांडी घासायला घेतली, जोरात. गाडी कालव्यावरून वळली.

सणाचं गोड बिस्कीट, कहक, अर्धं खाऊन ठेवून गेलाय. वर वाटी पालथी घातली.

२९ कियाक

दुपारी मुलगी झाली. आपली आपण आली. कुवेतला फोन लावला आणि बाळाच्या तोंडाशी धरला. काय किंचाळली! तिकडून काहीच आवाज नाही. लागला नाही वाटून ठेवणार होते, तर म्हणाला, "आई, थांब. अजून थोडं रडू दे."