सहा कुलपांची खोली

नाशिक,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. मनोजदादास,

प्रतिभाचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच घे. उज्वलावहिनी बरी असेल. तिने पाठवलेले तांदूळ पोचले. पाठवण्यात तुझा हात नव्हता हे ठाऊक आहे, म्हणून भात जरा जास्तच गोड लागला.

माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून हे कागदावर. शिवाय तुझ्या लेकीला, दिशाला, तू फोनवर सांगितलंस ना, "किल्ली पाहिजे तर आत्याला म्हणावं, रीतसर पत्र लिही"? घे, हे रीतसर पत्र. जावक क्रमांक टाकलेला नाही, तेवढं एक प्राचार्य म्हणून चालवून घे.

इकडे सगळं ठीक आहे. आपल्या सहा कॉलेजांचा सामायिक सर्व्हर छान चालू आहे. म्हणजे चालू होता, मग बंद पडला, आता पुन्हा चालू आहे. मुलांच्या तासांची रेकॉर्डिंग, संशोधनाचा डेटा, मिळून घेतलेली नियतकालिकं, सगळं एका ठिकाणी असावं हा शहाणपणा आपण सहा कॉलेजांनी केला. पुढचा वेडेपणाही आपणच केला.

यंत्र सगळ्यांचं, मग खोली एकट्या आमच्या कॉलेजाच्या ताब्यात कशी, असं खैरनार सरांनी विचारलं होतं, आठवतं? ते त्यांच्या गावच्या देवळाचे विश्वस्त. तिथे दानपेटीला प्रत्येक विश्वस्ताचं कुलूप असतं आणि सगळे जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. ते सगळ्या प्राचार्यांना पटलं. तुला पटलं, समन्वयक म्हणून मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? प्रत्येक प्राचार्याने आपापलं कुलूप आणलं. सुताराने दाराला सहा कोयंडे ठोकले आणि मला विचारलं, "मॅडम, आत सोनं हाय का काय?" मी म्हटलं, "नाही, तास आहेत." त्याने प्रत्येक कोयंडा एकदा ओढून बघितला.

तुझं-माझं कशावरून फाटलं ते लिहायची गरज नाही, पण लिहिते. जुलैच्या बैठकीत तू म्हणालास, यंत्र आमच्या इगतपुरीच्या कॉलेजात हलवा, हवा थंड, एसीचं बिल वाचेल. मी म्हणाले, "दादा, तुमच्याकडे चार महिने पापड डब्याबाहेर काढता येत नाही, तिथे सर्व्हर कुठे काढता?" सगळे हसले. तू फाइल उचललीस आणि चालता झालास. राखीलाही आला नाहीस. आणलेली राखी अजून ड्रॉवरमध्ये आहे. पापडाचं मात्र मी मागे घेत नाही, कारण ते खरंच आहे.

आता मुद्द्यावर येते. बुधवारी संध्याकाळी आमच्या शिपाई फकिरामामांनी घरी जाताना जुन्या सवयीने मजल्यावरची सगळी बटणं बंद केली. त्यात खोलीबाहेरचं एसीचंही होतं. ऑक्टोबरचं ऊन; गुरुवारी दुपारी यंत्र तापलं आणि त्याने स्वतःहूनच मान टाकली. सातपूरहून आपला इंजिनियर हर्षल आला. म्हणाला, "काही बिघडलेलं नाही मॅडम. आत जाऊन फक्त एक बटण दाबायचंय." एका बटणासाठी सहा प्राचार्य गोळा करायचे होते.

आणि आत दिशाचा प्रबंध होता. पेठ-सुरगाण्याकडच्या भागीबाई, नवसाबाई अशा बायांनी नागली-वरईच्या बियाण्यांबद्दल तिला जे जे सांगितलं, ते सगळं रेकॉर्डिंग तिथे. लॅपटॉप भरला म्हणून पोरीने सगळंच्या सगळं तिकडे हलवलं. मीच म्हणाले होते, याहून सुरक्षित जागा नाशकात नाही. सुरक्षित होतीच ती. आम्हालाही आत जाता येत नव्हतं. येत्या बुधवारी प्रबंध जमा करायचा आणि पोरगी दोन दिवस ताटावर नीट बसली नाही. त्यात तुझं ते रीतसर पत्र.

काल शनिवारी पाच प्राचार्य हजर झाले. एकांनी किल्ली करगोट्याला बांधली होती. ती सुटेपर्यंत आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत राहिलो. पाच कुलपं निघाली, तुझं राहिलं. हर्षल म्हणाला, द्वारका चौकातून किल्लीवाला आणतो. खैरनार सर म्हणाले, दुसऱ्याचं कुलूप उघडायचं तर ठराव लागेल, आणि अशा ठरावाला सहाही सदस्य लागतील. मग यावर विचार करायला सगळे मिसळ खायला गेले. हर्षललाही घेऊन गेले.

मी आणि दिशा दारापाशी राहिलो.

दादा, ते कुलूप मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आपल्या मळ्यातल्या मोटरीच्या खोलीचं. जो आधी उठेल त्याने फुलांना पाणी सोडावं म्हणून अण्णांनी एक किल्ली तुला दिली होती आणि एक मला. अण्णांनी एका कुलपाला दोन किल्ल्या ठेवल्या. आपण शिकलेले, आपण एका दाराला सहा कुलपं लावली.

माझी किल्ली माझ्या पर्समध्येच असते. गुरुवारीही होती. मी कुणाला बोलले नाही, कारण किल्ली आहे म्हटलं असतं तर तुला कुणी बोलावलंच नसतं. मला तू यायला हवा होतास. शनिवारी सकाळपासून गाडीचा आवाज आला की मी फाटकाकडे बघत होते.

तुझा रागही खूप आला होता. दिशाला साधी कणकण आली तरी मिळेल त्या गाडीने घाट उतरून... चुकले, नाशिकला यायला घाट नाही, पण तू उडी मारूनही येशील असा बाप. आणि आता पोरगी रडकुंडीला आलेली असताना हा माणूस पत्र मागतो? एवढा निवांत कसा? कुलूप हातात धरून उभी होते, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुला ठाऊक होतं की पोरीचं काम अडणार नाही. दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे माहीत असूनच तू ते कुलूप घरून आणलं होतंस. मला तिथेच रडू आलं. दिशा घाबरली, तिला वाटलं डेटा गेला.

मग मी उघडलं. पुढे हर्षल मिसळ खाऊन परतल्यावर त्याने बटण दाबलं. सगळं जागच्या जागी होतं, भागीबाईंचा आवाजसुद्धा.

खैरनार सर मिसळ खाऊन आले तर दार सताड उघडं. "कुणी उघडलं?" मी सांगून टाकलं, "दादा येऊन गेला. परतीची गाडी गाठायची होती, थांबला नाही." दिशा छताकडे बघत उभी राहिली. खैरनार सरांना गहिवरून आलं. तुझ्या आभाराचा ठराव तिथेच मंजूर झाला. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसापुढे आपली कुलपं बरी दिसत नाहीत म्हणून पाचही जणांनी ती खिशात घालून नेली. आता सहा कॉलेजांना सहा किल्ल्या मिळतील, कुलूप एकच. आभाराचं पत्र येईल तेव्हा दचकू नकोस.

तुझं कुलूप मात्र मी परत कोयंड्याला अडकवलंय. दाबलेलं नाही, नुसतं अडकवलंय. ते काढून न्यायला तुलाच यावं लागेल. भाऊबीजेला कॉलेज बंद असेल, पण फकिरामामांना सांगून ठेवलंय. बटणांचंही सांगून ठेवलंय.

प्रबंध जमा करून दिशा गुरुवारी घरी येईल, तिच्याच हाती हे पत्र देते. तू येऊन गेलास असं मी पाच प्राचार्यांना सांगितलंय, दादा. मला खोटी पाडू नकोस.

राखी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलेली,
तुझ्या कुलपाची दुसरी किल्ली,
प्रतिभा