जुन्या धक्क्याचा थांबा

४ मार्च
आलो एकदाचे! ट्राम खात्यात वेळापत्रक अधिकारी म्हणून बदली, आणि राहायला शेवटच्या थांब्याला लागून दोन स्वच्छ खोल्या. खिडकीतून डेपोचे रूळ दिसतात, रुळांपलीकडे समुद्र. आई माझ्याहून खूश आहे. सामान सोडायच्या आधीच ती ट्रामने दीपगृह, घड्याळाचा मनोरा आणि दगडी सिंहांचा पूल पाहून आली. शेजारणीला तिने ऐकवलंसुद्धा, की माझा मुलगा ट्राम चालवतो. चालवत नाही, मी वेळा ठरवतो, असं सांगितलं तर म्हणाली, एकच ते.

७ मार्च
आज सगळा मार्ग स्वतः फिरलो. मनोरा मागे पडल्यावर समुद्राच्या भिंतीपाशी गाडी थांबली. तिथे पाटी नाही, छप्पर नाही, माणूस नाही. ड्रायव्हरने दारं उघडली, जरा वेळ बसून राहिला, दारं लावली, निघाला. विचारलं तेव्हा म्हणाला, इथे पूर्वी बोटीचा धक्का होता. बोट माणसांसकट बुडाली, मग धक्काही पाडला. मग आता उतरतं कोण? त्याने खांदे उडवले. ज्याच्या हाताखाली शिकला तो थांबायचा, म्हणून हा थांबतो.
माझं डोकं सणकलं. गाडीत कामावर निघालेली माणसं होती. त्यांचा वेळ काय रस्त्यावर पडलाय? ‘पहिल्यापासून चालत आलंय’ या एका वाक्याखाली पिढ्या चिरडल्या गेल्या, आणि तरी आपण त्यालाच हात जोडतो!

१० मार्च
ड्रायव्हरांच्या सभेत तासभर बोललो. टाळ्या पडल्या. एकजण म्हणाला, साहेब, निवडणुकीला उभे राहा, ट्राममध्ये वाया जाताय. खूप हसलो. उद्यापासून तो थांबा बंद.

१३ मार्च
गाड्या वेळेवर धावतात. तक्रार एकच, झाडलोट करणाऱ्या मावशींची: डेपोत येणाऱ्या गाडीतली बाकं ओली असतात. खिडक्या लावत जा म्हटलं. त्या म्हणाल्या, लावलेल्याच असतात. आणि बाहेर कडकडीत ऊन.
आईला ट्राममध्ये सोबत मिळाली आहे. साधी माणसं आहेत म्हणे. बोट गाठायची असते, पण उतरायची जागा हल्ली येतच नाही, थेट शेवटपर्यंत यावं लागतं.
कुठली बोट, ते तिला ठाऊक नाही. मी विषय बदलला.

१६ मार्च
दुपारची गाडी आली तेव्हा मी डेपोतच होतो. आत आई एकटी. उतरली, आणि वळून पायरीकडे हात देत राहिली, पुन्हा पुन्हा, कुणाकुणाला आधार द्यावा तसा. पायरीवर ओली पावलं उमटत गेली. मोठी, लहान. सगळी आमच्या दाराच्या दिशेने.
आई म्हणाली, “बिचारी दिवसभर ताटकळलीत रे. म्हटलं, घरी चला. लेक माझा ट्रामचा साहेब आहे, करेल काहीतरी.”

१७ मार्च
तिने घरातले सगळे कप मांडले होते. चहा ओतताना मी पाहिला. आता त्यांत खारं पाणी आहे.
आई खोकते. रुमालावर वाळू. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी झालंय, कुठून ते कळत नाही. दमलेली आहे, पण जागा सोडून भिंतीला टेकून बसते — इतरांना बसायला हवं म्हणून.

१८ मार्च
थांबा पुन्हा सुरू केला. ड्रायव्हर थांबले, दारं उघडली. आई सांगते, तिथे कुणी उतरलं नाही, सगळी इकडेच आली. त्यांची सवय मोडली. आता त्यांना आपलंच घर माहीत —
खोलीत पाय ठेवायला जागा नाही. रिकाम्या खोलीत.
आईला श्वास पुरत नाही. ती म्हणते, त्यांना मी सोडून येते, माझं ऐकतील. मी नाही म्हटलं. ओरडलो. कुणावर —

१९ मार्च
ट्राममध्ये. भर दुपार. तिला घेऊन निघालो. आमच्यामागोमाग सगळी बाकं ओली झाली. ती माणसं गेली तरच ती जगेल. तिचा हात सोडणार नाही. डावा हात तिच्याकडे, उजव्याने लिहितोय. लिहिलं की धीर येतो.
मनोरा गेला.
थांबलो. दारं उघडली. बाकं एकेक करून कोरडी होताहेत. उतरताहेत — उतरताहेत! आईचा श्वास मोकळा झाला, स्वच्छ ऐकू येतोय —
ती उठली. म्हणते, लहान पोरं आहेत त्यांच्यात, बोटीपर्यंत पोचवायला नको का?
तिचा हात ओला. निसटतोय.
पायरीवर आहे ती. ड्रायव्हर विचारतोय, साहेब, दारं लावू का? माझ्या शब्दासाठी थांबलाय. सगळे गेले. आता लावली तर ती बाहेर. नाही लावली तर —
ती वळली. हात पुढे केला, डेपोत देत होती तसा. म्हणते, “ये, सांभाळून, पायरी