कोप्यांचा थांबा

२ मे
आजपासून मी रेल्वेवाली! सात वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून घसा कोरडा केला, आता छोट्या गाडीची गार्ड. देवळाली प्रवराजवळची ही गाडी पूर्वी कारखान्याचा ऊस ओढायची. आता दोन डबे रंगवून पर्यटकांना सहा किलोमीटर फिरवते. शिर्डी-शिंगणापूर करणारी मंडळी वाट वाकडी करून येतात. स्टेशनामागे खोली मिळाली आहे. माझ्या लेकीला, संस्कृतीला, शाळेची सुट्टी, त्यामुळे बाईसाहेब तिन्ही फेऱ्यांना माझ्या डब्यात. आम्ही मायलेकी दोघीच. तिच्याशिवाय मला कुणी नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

ड्रायव्हर सहादेवनाना स्वभावाने गोड, पण हट्टी. मधे रानात एका कडुलिंबाखाली दर फेरीला एक मिनिट गाडी उभी करतात. तिथे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या होत्या. एकदा बाया तोडीवरून याच गाडीने परतत होत्या. कोप्या पेटलेल्या, आत त्यांची लेकरं, आणि गाडी थांबली नाही. लेकरं गेली, त्यांच्यामागे बायाही. "तवापून थांबतो. त्येंना उतरायचं असतं," नाना म्हणाले. मी मान डोलावली. जुन्या माणसांशी कोण वाद घालणार?

५ मे
नाना लग्नाला पाथर्डीला गेले, बदली ड्रायव्हर आला. दुपारची फेरी वीस मिनिटं उशिरा, लोक कुरकुरत होते. थांब्याशी गाडी हळू झाली. चढणारं कुणी नाही, उतरणारं कुणी नाही, की कंडक्टरचा हात आपसूक 'जाऊ दे'ची डबल बेल मारतो. मारली. गाडी न थांबता गेली आणि तेवढंच एक मिनिट वाचलं.

संस्कृतीची वेणी मी सैल घालते, तिला तशीच लागते. संध्याकाळी बघते तर तेल चोपडून दोन घट्ट वेण्या. डब्यातल्या बायांनी घातल्या म्हणाली. पर्यटक हौशी असतात, पण विचारायचं तरी.

६ मे
नानांना सांगितलं. ते तडक इंजिनाकडे गेले. मग थांब्यावर पाच मिनिटं गाडी उभी केली, माझ्या डब्यात येऊन रिकाम्या बाकांपुढे हात जोडले, बायांनो उतरा म्हणाले. बराच वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडे न बघता सांगितलं की त्यांना आता लेकरू सापडलंय, त्या कशाला उतरतील. पोरीला गाडीत आणू नको.

मी चिडले. मग भ्यायले.

७ मे
तिला खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली दिवसभर माझ्या कमरेला. परत आले तर वेण्या नव्याने घातलेल्या. केसांना धुराचा वास. तीनदा न्हाऊ घातलं. जात नाही.

९ मे
नोकरी गेली खड्ड्यात. तिला घेऊन राहात्याला माहेरच्या रिकाम्या घरी निघाले. एसटी जवळजवळ रिकामी. कंडक्टर अमृत, माझ्या जुन्या ओळखीचा. त्याने हसून विचारलं, मागच्या बायांची तिकिटं तूच काढणार का, त्या तुझ्याबरोबर आहेत म्हणतात. मी मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

संस्कृती मागे वळून "व्हय, व्हय" करत होती. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.

मधेच उतरलो. परत आलो. कुठे नेऊ हिला?

१० मे
माझ्या हातचं खात नाही. जेवले म्हणते. ओठांना बाजरीची भाकरी लागलेली — मी केलीच नव्हती. नानांचे पाय धरले. ते रडायला लागले. "माझ्या हातात काय न्हाई, पोरी." मग कुणाच्या हातात आहे?

रात्रभर तिचा हात धरून बसणार आहे. मीच मारली ती बेल, मीच —

११ मे, दुपार
पहाटे डोळा लागला. हातात तिचा हात नव्हता.

थांब्यावर सापडली. इथेच बसून लिहिते आहे, उठवत नाही. लिंबाखाली त्या सगळ्या आहेत. आता मलाही दिसतात. नऊवारी, राखेने माखलेले पाय. दुष्ट दिसत नाहीत, तेच सहन होत नाही. एकीच्या मांडीवर माझी संस्कृती.

हाक मारली. तिने नीट पाहिलं. काकू, तुमी कुनाच्या, असं विचारलं.

आधार कार्ड आहे माझ्याकडे. शाळेचा दाखला आहे. आईचं नाव सविता, स्पष्ट लिहिलंय. दाखवते तिला. उचलूनच नेते —

उठले. बायांनी वाट दिली. कुणी अडवलं नाही. तीच मागे सरकली, पदराआड लपली. थरथरतेय. मला बघून —