कोणीतरी थांब म्हणेपर्यंत

२ जून, सकाळी
सीट लागली. परराज्यातलं सरकारी विद्यापीठ, समुपदेशनाचा दोन वर्षांचा कोर्स, हॉस्टेलसकट. वयाची अट नाही. (वय सेहेचाळीस.) रेल्वेने अठ्ठावीस तास. बाहेरच्या राज्यातल्यांना फी दुप्पट, पण एकट्या माणसाचं साठतं. वेबसाइटवर दोन बटणं आली आहेत, स्वीकार आणि नकार. मुदत २० जून, संध्याकाळी पाच.
निर्णय शांत डोक्याने घेणार. कुणाच्याही दबावाखाली येणार नाही.

२ जून, दुपारी
दबाव येणारच. दादा, वहिनी, पुतणी आणि ऑफिसातला मॅनेजर. चौघांना एकदम सांगितलं तर हलकल्लोळ. एकेकाला सांगणार.
एक आत्ताच ठरवून टाकलं. चौघांपैकी एकाने जरी मनापासून थांब म्हटलं, तरी थांबायचं. शेवटी माणसं महत्त्वाची. एक पुरे, जास्त ताणणार नाही.

४ जून
दादाला सांगितलं. दाढी करत होता. आरशातूनच बघितलं, म्हणाला, चांगलं आहे, जा. पुन्हा दाढी. धक्का बसलेला माणूस असाच वागतो. हनुवटीला कापलंही त्याने. यातच सगळं आलं.
एकविसाव्या वर्षी अशीच सीट लागली होती. आई अंथरुणावर. दादा अक्षरशः दारात आडवा उभा राहिला. तू गेलास तर माझ्याने एकट्याने निभणार नाही, म्हणाला. वहिनी नुकतीच लग्न होऊन आलेली, तीही रडली. त्याच संध्याकाळी मी भरलेली बॅग रिकामी केली. आई पुढे चार वर्षं होती. त्यानंतर जातोस का असं कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. पण ती संध्याकाळ विसरलो नाही. इतका कुणाला हवा होतो मी. छान दिवस होते. म्हणजे आईचं आजारपण सोडून.

७ जून
वहिनीला सांगितलं. तिने विचारलं, निघायचं कधी. नंतर टेप घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझी गादी मापली. लांबी, रुंदी, दोन्ही. मी अजून जिवंत आहे.
वहिनी भावना लपवण्यात पहिल्यापासून पटाईत.

८ जून
पुतणी (सतरा). सांगून होतंय न होतंय तोच विचारलं, काका, मग तुमची खोली मी घेऊ? निर्णय विचाराधीन आहे म्हणालो. हो हो, म्हणाली, आणि टेबल खिडकीखाली बसेल का ते बघून गेली. संध्याकाळी वेबसाइट समजावून द्यायला आली आणि बोट थेट स्वीकारवर. लॅपटॉप वेळेवर ओढला.
लहान आहे. वियोग म्हणजे काय ते कळायला वेळ लागतो.

१० जून
मॅनेजर. खरी लढाई इथे होणार होती. आमच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतली घंटा माझ्या टेबलावर वाजते. मेकॅनिक पोचेपर्यंत मी बोलत राहतो. चौदा वर्षं. एकदा एका गृहस्थांशी पन्नास मिनिटं फक्त कबुतरांवर बोललो. त्यांना वा मला कबुतरांतलं काहीही कळत नाही.
मॅनेजरने उठून हात मिळवला. म्हणाला, वेळ अगदी जुळून आली, १ जुलैपासून हेड ऑफिस रेकॉर्डिंग लावणारच आहे, तुम्हाला स्टोअरला बसवायचं कसं सांगू हाच प्रश्न होता. रेकॉर्डिंग ऐकवलं. बाईचा आवाज. घाबरू नका, मदत येत आहे. चार वेळा तेच. कबुतरांचं काही नाही.

१२ जून
नवं धोरण. सरळ विचारायचं नाही, त्यांना संधी द्यायची. जेवताना म्हणालो, तिकडे थंडी फार असते म्हणे. दादा म्हणाला, स्वेटर घे. गुडघ्यांचं काही खरं नाही, म्हणालो. वहिनीने उठून गुडघ्याचा पट्टा आणून दिला. हॉस्टेलात सगळी विशीतली पोरं असणार, माझ्याशी कोण बोलणार, म्हणालो. पुतणी म्हणाली, होतील की मित्र.
दादा भात अर्धा टाकून उठला. पोट बिघडलं असावं.

१४ जून
खोकतोय. तीन दिवस खोकायचं ठरवलं होतं, पण पहिल्याच दिवशी बाटली आणि चमचा उशाशी आला. औषध कडू. खोकला बंद.

१६ जून
स्वयंपाकघरात गेलो तर दादा आणि वहिनी बोलता बोलता गप्प झाले. वहिनीचे डोळे लाल. कांदा दिसला नाही कुठे. पण खोलीला रंग कुठला द्यायचा, यावरूनही भांडणं होतात लोकांची.

१९ जून
हिशेब: शून्य. पुतणीचं टेबल मात्र कालच माझ्या खिडकीखाली येऊन बसलं. चौघांपैकी एकानेही नाही. ठीक आहे. उद्या सकाळी दहाला स्वीकार. पक्कं. आता कुणी पाया पडलं तरी थांबणार नाही.
(पाया पडलं तर बघू.)

२० जून, सकाळी १०
ऑफिसचं नेट हळू.

११.४०
चहानंतर.

२.१५
मुदत पाचची आहे. सव्वादोनला दाबून जास्त मार्क मिळत नाहीत. मोबाइलवर पान उघडून समोर ठेवलंय.

६.१०
चार वीसला घंटा वाजली. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये एक म्हाताऱ्या बाई, एकट्या. मेकॅनिक गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाई म्हणाल्या, फोन ठेवू नका. नाही ठेवत म्हणालो. मुलीबद्दल बोलल्या, डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलल्या. मध्ये मध्ये विचारत होत्या, आहात ना? आहे म्हणालो.
एक हात मोकळा होता. लिहायलाच हवं असं नाही, पण होता. पाचला पान आपोआप बदललं, दोन्ही बटणं गेली.
पाच बाराला दार उघडल्याचा आवाज आला. बाई कुणाशी तरी हसून बोलल्या आणि फोन बंद.
तर, कुणीतरी थांबायला सांगितलं. चौघांपैकी नव्हत्या, पण अट इतकी ताठर कशाला ठेवायची. ठरल्याप्रमाणे थांबलो.

२१ जून, सकाळी
घरी काय सांगायचं? सर्व्हर बंद पडला, किंवा परराज्यातल्यांचा कोटा भरला. कोटा बरा. त्यात माझं काही जात नाही.

२१ जून, दुपारी
कोटा सांगितला. पुतणीचं तोंड पडलं. ते खोलीसाठी, निदान ती प्रामाणिक आहे. वहिनी आत गेली आणि एक गादी घेऊन आली. पातळ, गुंडाळून बांधायच्या पट्ट्यांसकट. हॉस्टेलच्या खाटेवर पाठ दुखेल म्हणून दोन आठवडे शिवत होती. तिथल्या खाटेचं माप ठाऊक नव्हतं, म्हणून माझ्या गादीचं घेतलं.
दादाने गादीच्या पट्ट्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग म्हणाला की तेव्हा मी तुला दारात अडवलं, ते पंचवीस वर्षं सलतंय. म्हणून या वेळी घरात बजावून ठेवलं होतं, थांब हा शब्द कुणी काढायचा नाही. आरशासमोर तो शब्द त्याच्या ओठांवर आला होता, त्याने गिळला. सांगताना रडला. दादाला रडताना मी आई गेली तेव्हाच बघितलं होतं.
डोळे पुसून विचारलं, नक्की कोटाच भरला ना? हो म्हणालो.
मग आता बोलायला हरकत नाही, म्हणाला. बरं झालं राहिलास. तू नसतास तर घर खायला उठलं असतं.
अगदी हेच ऐकायचं होतं मला. शब्द न् शब्द. ऐकताना लाज वाटली, दुसरं काही वाटलं नाही.

२१ जून, संध्याकाळी
पुतणीचं टेबल परत तिच्या खोलीत नेऊन ठेवलं. नवी गादी माझ्या खाटेवर घातली. मापाला बरोबर बसली.