चार नंबरची बाटली

४ जानेवारी
आजपासून इस्पितळात सफाईच्या कामाला लागलो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग, दुसरा मजला, बारा काचेच्या पेट्या. आठवीत शाळा सुटल्यापासून इतक्या स्वच्छ जागी काम मिळालं नव्हतं, म्हणून वहीसुद्धा नवी घेतली. शिवाय चार नंबरच्या पेटीत माझीच भाची आहे. ताईला सातव्या महिन्यातच झाली. सिस्टर तिला पावशेर म्हणतात. ताई आधी रागावली, आता स्वतःच म्हणते.

डॉक्टरबाईंनी समजावलं, की इतक्या लहान बाळांना श्वास घ्यायचं भान राहत नाही. फासळ्यांखाली पडद्यासारखा स्नायू असतो, तोही लवकर दमतो. त्याला श्वासपटल म्हणतात. शब्द भिंतीवरच्या तक्त्यावरून बघून उतरवला. म्हणून रोज सकाळी नळीतून कॅफिन देतात, कॉफीत असतं तेच. त्याने मेंदू जागा राहतो आणि पडदाही जोर धरतो. सिस्टर ताईला म्हणाल्या, तुमची लेक आमच्याआधी कॉफी पिते, वर साखरही मागत नाही.

६ जानेवारी
बाळांच्या नाकाघशातला शेंबूड यंत्राने ओढतात. तो पेटीखालच्या बाटलीत साठतो. दुपारी बाराही बाटल्या बेसिनमध्ये ओतायच्या आणि ब्रशने घासायच्या. पिवळट, तार धरणारा ऐवज. बाटली उपडी केली तरी तो खाली पडत नाही, लोंबत राहतो. दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला.

कॅफिनच्या कुप्यांत थोडं थोडं उरतं. ते कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या लाल डब्यात टाकायचं, असा नियम आहे. पण औषध फेकताना माझा हात धजत नाही. तसंही सगळं फुकटच जायचं, म्हणून मी ते चार नंबरच्या बाटलीत ओततो. घरची बाटली.

१३ जानेवारी
चार नंबरच्या तळाला एक गोळा चिकटला आहे. सुपारीएवढा. रोज ओततो, घासतो, पण निघत नाही. आज ब्रश लागताच तो आक्रसला. मीठ टाकल्यावर गोगलगाय आक्रसते तसा. मला बेसिनमध्येच उलटी झाली. सांगावं तर कॅफिनचं बिंग फुटेल आणि काम जाईल. पेटीला दुसरी बाटली लावली. ही बेसिनखाली, फिनेलच्या कॅनमागे ठेवली. उरलेलं औषध मात्र अजून तिच्यातच ओततो. का, ते मलाही सांगता येणार नाही.

१७ जानेवारी
गोळा वरखाली होतो. भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. मिनिटाला बेचाळीस वेळा. त्याच्या मध्यावर गुलाबी पडदा ताणला आहे, दुधावरच्या सायीसारखा. तो खाली ओढला जातो, मग सैल पडतो. वास आंबलेल्या दुधाचा.

अकरा वाजता चार नंबरची घंटा वाजली. पावशेरचा श्वास थांबला होता. सिस्टरने तळपायाला टिचक्या मारल्या, तेव्हा परत सुरू झाला. बेसिनपाशी उभा राहून मला काचेतून सगळं दिसत होतं. तिचं पोट स्थिर असताना इकडे गोळा दुपटीने धापा टाकत होता.

२२ जानेवारी
परवापासून सगळं उरलेलं नियमाप्रमाणे लाल डब्यात टाकलं. ठरवलं, उपाशी मरू दे.

आज गोळा काळपट पडला. पडदा सुरकुतला, थांबला. त्याच क्षणी चार नंबरची घंटा. टिचक्यांनी काही झालं नाही. डॉक्टरबाई तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होत्या. ताई काचेला कपाळ लावून उभी. मी धावत जाऊन आजच्या, अजून लाल डब्यात न टाकलेल्या सगळ्या कुप्या बाटलीत निपटल्या. गोळ्याने चुटकन ओढून घेतलं. घंटा थांबली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, स्नायू दमला होता. कुणाचा, ते मला माहीत आहे.

१० फेब्रुवारी
पावशेरचं कॅफिन बंद केलं. सिस्टर ताईला म्हणाल्या, आता ती आपल्या हिमतीवर श्वास घेते. ताई रडली.

मी बाकीच्या बाळांच्या कुप्यांतलं उरलेलं गोळ्याला घालतो. गोळा बाटलीच्या गळ्यापर्यंत आला आहे. बोटाला त्याचा बुळबुळीतपणा लागतो, साबणानेही जात नाही. जेवताना भात त्याच बोटांनी —

१८ फेब्रुवारी
उद्या पावशेर घरी, मदतीला मीही आठवडाभर रजेवर. गोळा इथे ठेवला तर त्याला कोण घालणार? बाटली फोडून माझ्या जेवणाच्या डब्यात भरला. हाताने भरावा लागला. कोमट होता. आतून ठोके.

१९ फेब्रुवारी
घरी औषध नाही. काळी कॉफी गार करून चमच्याने घातली. घेतो.

ताई म्हणते, दिवसभर काय कॉफी उकळतोस, सातव्या महिन्यातला तू की ती? हसलो.

२० फेब्रुवारी
कॉफी पुरत नाही. झाकण उचललं जातं. वर वीट ठेवली. वीट हलते —

दुपारी पावशेर थांबली. मोजले, अकरा आकडे. मग घेतला श्वास. ताईला कळलं नाही.

२१ फेब्रुवारी
वीट खाली. डबा रिकामा. आत फक्त ओल.

ओट्यावरून चिकट रेघ. भिंतीवरून. ताईच्या खोलीच्या दारापर्यंत —

पावशेर झोपली आहे. पोट वरखाली. इतका खोल श्वास तिने कधीच घेतला नव्हता. ताई म्हणते, बघ, किती छान घेते, आता तरी ती वही ठेव.

मोजतो आहे. एकदा बरगड्यांखाली पोट उठतं. ते तिचं. मग जरा वर, गळ्यापाशी —

ताई म्हणते, नाकात शेंबूड अडकलाय, रुमाल दे. टोक बाहेर आलं आहे. पिवळट. तिने चिमटीत धरलंय. सांगायला हवं, ओढू नकोस, तो तुटला तर तिचाही — आणि मी लिहितोच आहे, ताई —

ती ओढते आहे, संपतच नाही, लांब, अजून लां