नावांची वही

नाचणगाव, गुरुवार, १२ जून २००३

मी ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या मॅडमना पहिल्याच संशोधनासाठी छोटे अनुदान मिळाले आहे. सुईने नशा करणाऱ्यांना एचआयव्हीबद्दल विचारून मी प्रश्नावली भरतो. प्रश्नावलीवर नाव नसते, नंबर असतो. पण गल्लत नको म्हणून मी नावांची वही ठेवली. चूक माझीच.

आज मॅडम म्हणाल्या, "माणसे खरी आहेत का, हे अनुदानवाले तपासायला येत आहेत. तुमची नावांची वही द्या, नाहीतर माझे काम इथेच थांबेल."

सात नंबरवाल्याने विचारले होते, "भाऊ, माह्यं नाव तं नाई ना लिहून राह्यला?" मी नाई म्हटले. खोटेच ना ते? गावाला कळले तर त्याच्या मुलींना शाळेत कोण बसू देईल?

वही चुलीत घातली. उद्या मॅडमना तोंडावर सांगणार. काढले कामावरून तर काढू देत. नावे मला पाठ आहेत, एकही सांगणार नाही.